पायफिंचचा धोंडा

कोबीचं एक ओलं पान, बस्स, एवढंच निमित्त. बर्मिंगहॅमच्या बाजाराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर डॉर्कस पायफिंचचा पाय सटकला आणि ती हातातल्या पिशवीसकट दाणकन खाली बसली. पडली असं म्हणवत नाही, बसलीच. कुणीतरी हातपाय धरून वर उचलावं आणि मुद्दाम खाली आपटावं तशी. सगळा भार माकडहाडावर आला आणि कळ थेट मानेपर्यंत चढली. "अहो मावशी, लागलं का? उठू नका, उठू नका एवढ्यात," असं म्हणत एक फळवाली धावत आली, एका माणसानं घरंगळत गेलेले बटाटे गोळा केले. डॉर्कसनं कान टवकारले. तिला पाण्याचा आवाज येत होता. बारीक, सतत, दगडावरून सांडणाऱ्या पाण्याचा. आणि तो डाव्या कानामागून, वरून येत होता. बाजारात पाणी कुठलं? वर तर बसगाड्यांचा रस्ता होता. "डोक्याला लागलेलं दिसतंय हिच्या," फळवाली म्हणाली. डॉर्कसनं मान हलवली. डोक्याला कुठलं लागायला! जिथं लागलं होतं तिथूनच तर तिला ऐकू येत होतं.

दुकानात पोचेपर्यंत तो आवाज गेला, पण तो कुठून आला होता ते मात्र तिला पुरतं कळलं होतं. मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती पडदे शिवायची. तिथल्या मोठ्या टेबलाशी उभ्यानंच तिनं दिवस काढला, कारण बसायची सोयच उरली नव्हती. सोबतच्या मुली हसल्या, तीही हसली. त्यांना काय सांगणार? की एकसष्ट साल उजाडलं, साठी जवळ आली आणि आपल्याला आपलं नऊ-दहा वर्षांचं ढुंगण आठवलं? या शहरात आल्यापासून तिनं गावाची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. लाजून नव्हे. उलट, हॉबलीचं नाव घेतलं आणि समोरच्यानं "हो का?" म्हणून विषय बदलला, तर तिला ते सोसलं नसतं. शहराला मिरवायला धुराडी होती, कालवे होते. हॉबलीला बुटका मनोरा होता. चर्चचा मनोरा अर्ध्यावर आला तेव्हा गावानं उरलेली सगळी रक्कम घंटांवर घातली, आणि मनोरा तसाच राहिला, बसका, छपराच्या वर जेमतेम मान काढलेला. शेजारच्या डनकोटचे लोक म्हणायचे, तुमचा मनोरा दमून खाली बसलाय. हॉबलीचे लोक म्हणायचे, बसू दे, गातोय ना बसल्याबसल्या? तुमचा उंच आहे, पण मुका! आणि हे खरं होतं. घंटा वाजायला लागल्या की डनकोटच्या गाई चरायच्या थांबतात असं डॉर्कसचे वडील सांगायचे. ते स्वतः घंटेकरी होते, त्यामुळे त्यातलं थोडं सोडून द्यायला हरकत नाही. पण थोडंच.

तिला त्या दिवशी, कापडाच्या ताग्यांमध्ये उभ्या उभ्या, अख्खं गाव एकेका खुणेनं दिसत राहिलं. चर्चपेक्षा जुनं यूचं झाड, ज्याच्या पोकळ बुंध्यात एका वेळी सगळी भजनमंडळी मावली होती. हिरवळीच्या कडेला लाकडी खोडा, ज्यात म्हणे हॉबलीनं एकदा स्वतःच्याच पाद्रीला पाय अडकवून बसवलं, कारण तो प्रवचनात डनकोटची स्तुती करून बसला. त्याच्या पलीकडे चुकार गुरांचा कोंडवाडा. मग गिरणीचा तलाव, ज्यात लढाईच्या काळात घंटा बुडवून लपवल्या आणि काढताना एक कमी भरली. ती अजून तळाशी आहे, थंडीत बर्फ तडकलं की तीच वाजते, अशी गावाची ठाम समजूत. आणि सगळ्यांत शेवटी, शिवेवरच्या घळीतली मार्जरीची विहीर. विहीर कसली, खडकातून येणारा झराच तो, पुढे दगडी डोणी बांधलेली. कधी आटली नाही. ज्या उन्हाळ्यात डनकोटच्या विहिरींना चिखल लागला त्या उन्हाळ्यात हॉबलीनं त्यांना इथून पाणी भरू दिलं, आणि त्याबद्दल टोमणे मात्र पुढची शंभर वर्षं मारले. तेही हॉबलीला शोभण्यासारखंच होतं. आता ही विहीर जायला निघाली होती, आणि ती घालवत होता डॉर्कसचा सख्खा भाऊ.

ईस्टरला गेली तेव्हाच तिला हे कळलं होतं. जिल्ह्याचा माणूस येणार, दोन्ही गावांच्या शिवा पक्क्या करणार, सिमेंटचे खांब पुरणार. इतर सगळीकडे दोन्ही गावांचं एकमत होतं, घळीपाशी तेवढं घोडं अडलं होतं. तिथला शिवेचा धोंडा कुणालाच दिसत नव्हता. पूर्वी दर सात वर्षांनी शीवफेरी निघायची. पाद्री पुढे, हातात सोललेल्या काठ्या घेऊन गाव मागे. जिथं धोंडा येईल तिथं गावातला एक मुलगा धरायचा, चौघांनी हातपाय पकडायचे, तीन झोके द्यायचे आणि तीनदा त्याला त्या धोंड्यावर आपटायचं. रडला तर आणखी एकदा. कागद जळतात, माणसं मरतात, पण आपटलेलं पोर म्हातारं होईपर्यंत ती जागा विसरत नाही, असा त्यातला हिशेब होता. मग त्या धोंड्याला त्या मुलाच्या घराण्याचं नाव लागायचं. घळीतला धोंडा होता पायफिंचचा. त्यावर जाइल्सला आपटलं, त्याच वर्षीच्या हिवाळ्यात घळीचा उतार घसरला, धोंडा मातीखाली गेला. मग महायुद्ध आलं आणि फेरी बंद पडली ती पडलीच. ज्या चौघांनी मुलाला झोके दिले त्यांची नावं आता हिरवळीवरच्या युद्धस्मारकावर होती, पाद्री तर केव्हाच वारला होता. राहिला होता फक्त आपटलेला मुलगा. आणि तो मुलगा, म्हणजे साठीला आलेला, पांढऱ्या मिशांचा जाइल्स पायफिंच, घळीच्या वरच्या काटेझाडाकडे बोट दाखवून सांगत होता, "धोंडा इथं होता. या झाडाखाली." म्हणजे शीव विहिरीच्या वरच्या अंगानं जाणार आणि विहीर डनकोटला मिळणार.

गाव त्याच्यावर पेटलं होतं. "अरे, जरा खाली सरकव ना तुझी आठवण! वीस पावलांनी काय बिघडतंय?" असं पबमध्ये त्याला विनवून झालं, दरडावून झालं. जाइल्स म्हणाला, "माझी साक्ष ती. माझ्या ढुंगणाची शपथ घेऊन खोटं बोलू?" डनकोटचा एनॉक स्पिलर, ज्यानं जन्मात हॉबलीच्या माणसाबद्दल बरा शब्द काढला नव्हता, तो सगळ्या मुलखात सांगत सुटला, की पायफिंच म्हणजे सोन्याचा माणूस, पायफिंचचा शब्द आम्हाला मान्य. याहून मोठा अपमान जाइल्सचा कुणी केला नसता. तो खचला होता, पण हटत नव्हता. आणि डॉर्कसला ईस्टरला त्याचा फार अभिमान वाटला होता. गाव गेलं तरी चालेल, खोटं बोलणार नाही. वडील असेच होते. आताही हे तिच्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं. वडील असे नव्हते. वडिलांनी तर अख्ख्या गावाला फसवलं होतं.

शीवफेरीच्या त्या सकाळी जाइल्सला गालगुंड झालं होतं. तोंड भोपळ्याएवढं, अंगात ताप. धोंडा पायफिंचांकडे यायची ती पहिलीच वेळ. मुलगा आजारी आहे म्हटलं असतं तर तो मान टॉली घराण्याला गेला असता, आणि टॉलींकडे आधीच दोन धोंडे होते! वडील स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. आई म्हणाली, "जाऊ द्या की हो, दगडच तो." वडील थांबले आणि चुलीशी बसलेल्या डॉर्कसकडे बघत राहिले. "उभी राहा पाहू," ते म्हणाले. जाइल्सची विजार तिला बरोबर बसली. वेणी टोपीत कोंबली, गळ्याभोवती रुमाल नाकापर्यंत गुंडाळला, पाऊस भुरभुरत होताच. "तोंडातून शब्द काढायचा नाही. रडायचं नाही. आणि आज काय झालं ते या घरात पुन्हा कुणी बोलायचं नाही." खरंच कुणी बोललं नाही. आई गेली, वडील गेले, तरी दोघं भावंडं त्यावर एक अक्षर बोलली नाहीत, इतकी की डॉर्कसच्याही मनातून ते जवळजवळ पुसलं गेलं. जाइल्स बरा होऊन बाहेर पडला तेव्हा लोक त्याची पाठ थोपटत होते, तो थोपटून घेत होता. धोंड्याचा मुलगा. पुढे घंटेकरी, पुढे गावचा पंच. बायकोही त्याला त्या जोरावर मिळाली असावी. डॉर्कसला कधी वाईट वाटलं नव्हतं; निदान वाटलं असं आठवत नव्हतं. मुलीला धोंडा काय करायचाय? ती शहरात गेली, शिवणाला लागली. आता बाजाराच्या पायरीवर बसल्याबसल्या तिच्या अंगानंच तिला सांगितलं होतं: पाणी वर होतं. ती पाण्याच्या खाली होती. धोंडा विहिरीच्या खालच्या अंगाला होता.

शनिवारी ती गावात उतरली. जाइल्सची बायको मेबल फाटकातच कुजबुजली, "वन्सं, बरं झालं आलात. जेवत नाहीत हो. 'काळा बोकड' पबमध्ये गेले की शेजारचे ग्लास उचलून दुसरीकडे बसतात." जाइल्स बागेत वाटाण्यांना काटक्या लावत होता. तो जरा लहान झाल्यासारखा दिसला. "आलीस? उद्याच्या फेरीत शिव्या खाणार आहे मी, बघायला बरी आलीस," तो म्हणाला. तिला झोपायला माडीवरची, त्याची लहानपणची खोली दिली होती. हातातली पेटी ठेवून ती खिडकीशी गेली, आणि तिथं उभी राहिली ती राहिलीच. खिडकीतून उतार दिसत होता. उताराच्या टोकाला काटेझाड, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. त्याच्या जरा खाली डोणीतल्या पाण्याचा एक चकाकणारा तुकडा. त्याच्यापुढे काहीच नाही. जमीन खाली वळून नाहीशी झालेली. तिला कळलं. गालाला फडकं बांधलेलं पोर इथं उभं होतं. सगळं गाव काटेझाडाशी जमलेलं त्यानं पाहिलं, स्तोत्र म्हणताना पाहिलं. बाकीचं गाव तिथंच बन खाण्यात दंग झालं. पाद्री, चौघं पुरुष आणि टोपीवालं पोर पुढे उतरले आणि दिसेनासे झाले. ते पुढचं त्याला दिसलंच नाही. म्हणून त्यानं ते काटेझाडाशीच घडवलं. खोटं नव्हताच बोलत तो. इतकी वर्षं हजार वेळा सांगून सांगून त्याच्या आठवणीला दगड फुटला होता, हातपाय फुटले होते, झोके फुटले होते.

खाली मेबल मटण कापत होती. डॉर्कसनं बटाट्याची वाटी पुढे करत विचारलं, "जाइल्स, घळीत त्या दिवशी पाण्याचा आवाज येत होता का रे?" तो चावायचा थांबला. "पाणी खाली होतं. चमकत होतं." "ते ठीक. आवाज?" जाइल्स तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत आधी राग आला, मग काहीतरी दुसरंच, अंधारात पायरी चुकलेल्या माणसासारखं. "थंड होता धोंडा," तो म्हणाला, "ओला आणि थंड. मला तो अजून जाणवतो." मग ताट सरकवून तो कोंबड्या कोंडायला गेला. मेबल म्हणाली, "त्याविषयी नका हो बोलू. तेवढंच तर आहे त्यांच्याजवळ." डॉर्कसनं सुरी-काटा बाजूला ठेवला. त्याला खरंच जाणवत असेल का? मग आपल्याला जे जाणवतं ते तरी कशावरून खरं? एका कोबीच्या पानावर भरवसा ठेवून आपण भावाचं सगळं आयुष्य त्याच्याकडून काढून घ्यायचं? आणि नाही घेतलं तर मार्जरीची विहीर जाते. आजाऱ्याला वाफ द्यायला, बाळाला पहिली अंघोळ घालायला, मेलेल्याचं तोंड पुसायला हॉबलीनं कायम तिथलं पाणी आणलेलं. तिच्या आईचं तोंड तिनं त्याच पाण्यानं पुसलं होतं. ते पाणी आता एनॉक स्पिलरला विचारून भरायचं? तिनं बटाट्याची वाटी दाणकन टेबलावर ठेवली. शहरात राहून राहून आपण निवलो असं तिला वाटायचं. छे, हॉबली काही तिच्यातून निघाली नव्हती.

रविवारी दुपारी, खांबांच्या जागा ठरवायला, इतक्या वर्षांनी पुन्हा फेरी निघाली. नवा तरुण पाद्री ॲम्फलेट पुढे, मागे अख्खं गाव, कुरबुरत. जिथं शीव टॉलीच्या स्वयंपाकघरातून जाते तिथं रीतीप्रमाणे एका मुलीला खिडकीतून आत ढकलून मागच्या दारानं बाहेर काढलं, तेव्हा जरा हशा झाला. काटेझाडाशी डनकोटचे लोक आधीच येऊन उभे होते, आणि जिल्ह्याचा माणूस खुंट्या आणि मोगरी घेऊन. जाइल्स पुढे झाला. त्यानं काठी टेकली. "इथं," तो म्हणाला. मान ताठ. हॉबलीकडून कुणी तरी "शाब्बास रे गावच्या सुपुत्रा!" म्हणून खवचटपणे ओरडलं. एनॉक स्पिलरनं टोपी काढली. "पायफिंचचा शब्द. आम्हाला आणखी काही नको." जिल्ह्याच्या माणसानं खुंटी जमिनीला लावली.

डॉर्कस चालायला लागली. तिनं तसं ठरवलं नव्हतं. ती गर्दीतून निघाली, काटेझाडाला वळसा घातला, डोणी ओलांडली आणि घळीत उतरली. खाजकुयलीनं पोटऱ्या भाजल्या, चिखलात बूट रुतला. पाणी पाठीमागून ऐकू येत होतं, तसं नव्हे. ती वळली, मनोऱ्याकडे तोंड केलं. आता बाजूनं आलं. आणखी जरा खाली गेली, जरा उजवीकडे, डोळे मिटले. आणि आवाज येऊन डाव्या कानामागे बसला, वरून, जिथल्या तिथं. तिच्या चेहऱ्यावर भुरभुर पाऊस पडत होता, तीन माणसांच्या तंबाखूचा आणि एकाच्या ओल्या लोकरीचा वास येत होता, कुणी तरी म्हणत होतं, "पोरगं बरंच हलकं आहे की!" तिनं डोळे उघडले. वर काठाशी सगळी माणसं वाकून बघत होती, आणि मध्ये जाइल्स. "मिस पायफिंच," पाद्रीनं हाक दिली, "काय झालं? तुम्हाला काही सांगायचंय का?" तिला सांगायचं होतं. मग तिला भावाचं तोंड दिसलं, आणि काठी धरलेला त्याचा हात. विहीर गेली तर गेली. "काही नाही हो," ती म्हणाली. "बूट रुतला माझा. चालू द्या तुमचं."

"खोटं बोलतेय ती," जाइल्स म्हणाला. त्यानं काटेझाडाखालची आपली काठी उपटली. "त्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. माडीवर खिडकीत होतो मी. माझी विजार घालून आली ती डॉरी. धोंडा तिचा आहे." सगळ्यांत आधी एनॉक स्पिलरला तोंड फुटलं. "अरे वा! आणि तुझा शब्द? शपथ घेतलीस ना?" "घेतली. पाहिलं ते खरंच सांगितलं मी. कुठून पाहिलं ते तेवढं सांगितलं नव्हतं." "पण ही तर पोरगी!" स्पिलर ओरडला. "पोरीला आपटलेलं चालत नाही!" "का रे," जाइल्स म्हणाला, "तुमच्या डनकोटात बायका कशावर बसतात?" हॉबली जी हसली, ती कित्येक आठवड्यांत हसली नव्हती तशी. हसतहसतच दोघं खांबांसाठी आणलेली फावडी घेऊन खाली धावले. डॉर्कस बाजूला झाली. पहिली दोन वीत काळी माती, मग लालसर घसरलेली माती, मग एकाचं फावडं खणकलं. धोंडा काळा होता, माथ्यावर रुंद, मधोमध क्रूस कोरलेला. जिल्ह्याच्या माणसानं गुडघ्यावर बसून हातानं तो पुसला आणि निमूटपणे आपली खुंटी वरून मागवली. स्पिलरनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, आणि जरा वेळानं, डनकोटच्या माणसाला जमेल तेवढ्या मोठ्या मनानं, म्हणाला, "तुमच्या बायका बऱ्या दिसतात पुरुषांपेक्षा."

जाइल्स घसरत, सावरत खाली आला. धोंड्याशी उभा राहून त्यानं वर बघितलं आणि घंटेकऱ्याच्या मोठ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही माझी बहीण. हा तिचा धोंडा. ज्याला म्हणायचंय त्यानं म्हणावं काय ते." त्याची मान आधीपेक्षाही ताठ होती. डॉर्कसला हुंदका आला आणि तिनं तो आवरला नाही.

मग गाव पबकडे निघालं. ही दोघं मागे राहिली, कारण तिला चढ चढवत नव्हता आणि त्यानं दिलेला हात तिनं घेतला होता. मनोऱ्यात पोरांनी घंटा धरल्या होत्या. ताल चुकत होता, जाइल्सचं तिकडे लक्ष नव्हतं. फाटकाशी आल्यावर तो थांबला, इकडेतिकडे बघितलं.

"डॉरी, दुखलं होतं का गं?"

"दुखलं म्हणजे! आठवडाभर पालथी झोपत होते मी."

"अरे देवा," जाइल्स म्हणाला. "मी आपला जन्मभर सगळ्यांना सांगत आलो, की काहीच दुखलं नाही म्हणून."